एक्झिफटूल: गोरज मुहूर्ताचं लग्न मध्यरात्री लागलं, त्यानंतरची दोन वर्षं

मिरजेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, बारशी, आणि वर्षातून एकदा कुठल्या तरी सोसायटीची वार्षिक सभा, जिच्यात सगळे फोटो हार घालतानाचेच असतात. मी काही कॉम्प्युटरवाली नाही. हार्डडिस्कवर मार्करने वर्ष लिहून ती कपाटात उभी करून ठेवायची, एवढंच माझं शास्त्र. अशा 11 डिस्का आहेत. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते स्टुडिओच्या खुर्चीवरून लिहिलेलं आहे असं धरून वाचा.

घाई असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, काळ्या खिडकीत चालतं, म्हणजे बटणं नाहीत, आज्ञा टाइप करायच्या, दिसायला अगदी रखरखीत. पण फोटोंच्या तारखा-वेळा दुरुस्त करायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही माझ्या हाती लागलेलं नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक लग्न केलं. गोरज मुहूर्त, पत्रिकेवर सायंकाळी 6 वाजून 50 मिनिटं. त्याच महिन्यात आम्ही स्टुडिओत नॅस घेतला होता, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी. कार्ड रीडरमध्ये घालायचं, रीडर पेटीला लावायचा, बटण दाबायचं, आपोआप कॉपी. कोणत्या कंपनीची ते विचारू नका, कारण चूक माझीच होती. पेटी बसवताना तिने टाइमझोन विचारला होता आणि मी 'नंतर' म्हणून पुढे गेले होते.

रात्री कार्ड लावलं आणि झोपले. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीत मुंज होती, ती करून आले, तेही कार्ड लावलं. मग मॅकवर बसून सगळे फोटो तारखेप्रमाणे फोल्डरांत वाटून घेतले. हे वाटायचं काम एक छोटं सॉफ्टवेअर करतं आणि ते बघतं फाइलची तारीख. फोल्डर उघडला तर मुंजीच्या फोल्डरात मुंडावळ्या बांधलेली नवरी. लग्नाच्या फोल्डरात हळद आहे, सीमांतपूजन आहे, आणि मग एकदम काहीच नाही. लग्नच नाही! अंतरपाट धरल्याचा फोटो शोधला, तो दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, रात्री 12 वाजून 20 मिनिटांवर. बरोबर साडेसहाला कुणीतरी रेघ मारल्यासारखी होती. त्याआधीचं सगळं आज, त्यानंतरचं सगळं उद्या.

भाचा पुण्यात नोकरीला आहे, त्याला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला.

"आत्या, फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे का?"

"हो की रे."

"मग कॅमेरा नाही चुकला. तुझ्या पेटीला आपण कुठे राहतो तेच माहीत नाही. आता एक्झिफटूल उतरवून घे."

इथे थोडं थांबते, कारण हे कळल्याशिवाय एक्झिफटूल कशासाठी लागतं तेच कळत नाही.

कॅमेऱ्यातलं 32 जीबीपर्यंतचं कार्ड फॅट32 पद्धतीने मांडलेलं असतं. या पद्धतीत फाइलची वेळ लग्नपत्रिकेसारखी लिहिली जाते. पत्रिकेवर 'सायं. 6 वा. 50 मि.' एवढंच असतं. हे भारतातले 6:50 की लंडनमधले, असं कोणी छापत नाही. वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. विंडोजच्या नेहमीच्या डिस्कांची पद्धत, एनटीएफएस, वेगळी आहे. ती 1 जानेवारी 1601 पासून किती वेळ गेला ते मोजते, तेही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, आणि कायम जागतिक वेळेत. लिनक्स आणि आजचा मॅक 1 जानेवारी 1970 पासून मोजतात, जुना मॅक 1904 पासून मोजायचा. आजचे हे मोजणारे सगळे आपापसात बरोबर बोलतात, कारण सगळ्यांचा पाया जागतिक वेळेचा. भांडण लागतं ते पत्रिका वाचताना. माझ्या पेटीने '6:50' वाचलं, ते जागतिक वेळेतलं समजली, मॅकने त्यात भारताचे साडेपाच तास मिळवले, आणि लग्न मध्यरात्रीनंतर लागलं. दोघांनी आपापलं काम चोख केलं.

मोठ्या कार्डांवर एक्सफॅट असतं. त्यात वेळेच्या शेजारी एक जास्तीचा रकाना आहे: जागतिक वेळेपासून किती पाव तास पुढे किंवा मागे. भारत 22 पाव तास पुढे, नेपाळ 23. साडेपाच आणि पावणेसहा कोणीतरी लक्षात ठेवून रकाना केलाय याचं मला उगाचच बरं वाटलं. अर्थात कॅमेऱ्याने तो रकाना भरला तर.

तर एक्झिफटूल. फिल हार्वे नावाच्या गृहस्थांनी ते पर्ल भाषेत लिहिलं आणि 2003 पासून ते स्वतःच वाढवत आलेत. हे टूल फाइलच्या वरची तारीख सोडून फोटोच्या पोटातली तारीख बघतं. शटर दाबल्याच्या क्षणी कॅमेरा जी वेळ फोटोच्या आत लिहितो ती फाइल कुठेही हलवा, बदलत नाही. बाहेरची तारीख म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने खोक्यावर मारलेला शिक्का. खोकं नव्या गाडीत चढलं की नवा शिक्का. इतकी वर्षं मी शिक्का वाचत होते आणि खोकं उघडतच नव्हते.

एका ओळीची आज्ञा आहे: पोटातली मूळ वेळ उचल आणि फाइलच्या 'बदलल्याची तारीख' या रकान्यात लिही. अख्खा फोल्डर दिला. चहा आणायला सांगितला होता, तो यायच्या आत 1,900 फोटो झाले. अंतरपाट परत संध्याकाळी 6:50 च्या आसपास आला. आसपास अशासाठी, की गुरुजींनी मंगलाष्टकं जरा लांबवली होती. एक ध्यानात ठेवा: ही आज्ञा ज्या मशीनवर द्याल त्या मशीनचा टाइमझोन धरला जातो. मी मॅकवर दिली म्हणून जमलं. त्याच पेटीवर दिली असती तर पुन्हा पहिले पाढे.

आता अर्धा मार्क का कापला ते.

विंडोजवर उतरवून घेतलं की फाइलच्या नावातच कंसात 'के' असतो आणि तो काढून नाव बदलल्याशिवाय टूल आज्ञेने नीट चालत नाही. हे वाचल्याशिवाय कोणाला कळणार? विंडोजच्या काळ्या खिडकीत आज्ञेला दुहेरी अवतरणचिन्हं लागतात, मॅकवर पुष्कळदा एकेरी. भाच्याने मॅकसाठी पाठवलेली ओळ मी दुकानातल्या विंडोजवर चिकटवली आणि अर्धा तास माझंच चुकतंय म्हणून बसले. पण खरा खड्डा वेगळाच आहे. पोटातली वेळ पुढे-मागे सरकवली की टूल फाइल नव्याने लिहितं, आणि त्यामुळे बाहेरची तारीख 'आत्ताची' होते! तारखा दुरुस्त करायला बसलेला माणूस तारखा बिघडवून उठतो. ती जपायची असेल तर पी हा पर्याय द्यायचा, तोही कॅपिटल पी. छोटा पी अगदी वेगळं काम करतो. मी छोटा दिला होता.

शिवाय प्रत्येक दुरुस्त फाइलमागे एक मूळ प्रत ठेवली जाते, नावाच्या शेवटी 'ओरिजिनल' जोडून. पहिल्यांदा डिस्क भरली तेव्हा चिडले होते. दुसऱ्यांदा याच प्रतींनी वाचवलं, त्यामुळे या बाबतीत मी आता तोंड उघडत नाही.

वाचवलं ते असं. डिसेंबरातल्या एका लग्नात नवरीची मावशी न्यू जर्सीहून आली होती, हातात चांगला कॅमेरा, फोटोही आमच्यापेक्षा बरे. फक्त तिने घड्याळ भारताचं केलं नव्हतं. कॅमेरे वर्षानुवर्षं पोटातली वेळसुद्धा पत्रिकेसारखीच लिहीत आलेत, देशाशिवाय. पोटातली माहिती कशी लिहायची याचे जे ठरलेले नियम आहेत, म्हणजे एक्झिफ, त्यांत देशाच्या वेळेचा फरक लिहायची सोय 2016 साली आली. फोन तो लिहितात, जुने कॅमेरे नाहीत. मावशींना विचारलं, "तुमच्यात आणि आमच्यात किती तासांचा फरक?" त्या म्हणाल्या, साडेनऊ. मी साडेनऊ तास पुढे सरकवले. सप्तपदी कन्यादानाच्या आधी आली. साडेनऊ उन्हाळ्यात असतो. मार्चमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरमध्ये मागे येतात, म्हणजे डिसेंबरात फरक साडेदहा. मावशी उन्हाळ्यात फोन करत असणार. आपल्याकडे घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून हे आपल्या डोक्यातच येत नाही. आणखी एक तास सरकवायला गेले, तर ज्यांना आधी हात लावला नव्हता अशा आमच्या फोटोंनाही तो तास लावून बसले. तेव्हा त्या मूळ प्रती कामाला आल्या.

त्या दिवसापासून एक शिस्त लावलीय, आणि एक्झिफटूल वापरा न वापरा, ही मात्र लावून घ्या. कार्यालयात पोचलं की पहिला फोटो फोनच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा. प्रत्येक कॅमेऱ्याने एकेक. पाहुण्याकडे कॅमेरा असेल तर त्यालाही हसत हसत काढायला लावायचा. माझ्या मदतनिसाचा कॅमेरा 7 मिनिटं 18 सेकंद मागे आहे हे मला असं कळलं. तोवर मंगळसूत्र घालतानाचे त्याचे फोटो नेहमी मंगलाष्टकांत घुसायचे आणि मी त्याला म्हणायचे, तू फोल्डर नीट लावत नाहीस. एक्झिफटूलला कॅमेऱ्याचा सिरियल नंबर देऊन 'फक्त याचे फोटो एवढे पुढे' असं सांगता येतं. दोन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे असले तरी गोंधळ होत नाही. केवळ एवढ्यासाठी कोणी पैसे मागितले असते तरी मी दिले असते.

व्हिडिओचं निराळंच. एमपी4 फाइलच्या पोटात वेळ जागतिक वेळेत लिहावी असा नियम आहे. फोन नियम पाळतात. पुष्कळ कॅमेरे पाळत नाहीत, सरळ मनगटावरची वेळ लिहून मोकळे होतात. म्हणून एकाच क्षणाचा फोनवरचा व्हिडिओ दुपारी 1:20 चा आणि कॅमेऱ्यावरचा संध्याकाळी 6:50 चा. एक्झिफटूलला 'व्हिडिओची वेळ जागतिक समज' असं सांगायची सोय आहे, पण कोणत्या फाइलला सांगायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं. मी फोनचे व्हिडिओ वेगळ्या फोल्डरात ठेवते.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या पोटात वेळ उरलेलीच नसते. अँड्रॉइडवर निदान नावात वर्ष-महिना-दिवस सलग आठ आकडी मिळतात, आणि ती तारीख नावातून उचलून पोटात भरता येते. वेळ माहीत नाही म्हणून मी दुपारचे 12 घालते. पण ती तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे. आजोबांच्या पंच्याहत्तरीचा फोटो पाच वर्षांनी कोणी पाठवला तर तो पाच वर्षांनी तरुण. तिथे एक्झिफटूल काही करू शकत नाही आणि करतोय असा आवही आणत नाही.

सगळ्यात आवडता उपयोग बाबांच्या निगेटिव्हचा. गेल्या पावसाळ्यात मी त्या स्कॅन करायला घेतल्या. पाकिटांवर बाबांच्या अक्षरात तारखा आहेत, कधी तिथीसुद्धा. स्कॅन झालेल्या फाइलला अर्थातच आजची तारीख. एक्झिफटूलने 1974 च्या लग्नाला 1974 ची तारीख पोटात दिली, बाहेरही दिली, मॅकवर दोन्ही दिसल्या. 1970 च्या आधीचं एक लग्न होतं, म्हटलं आता मोजणी शून्याच्या खाली जाणार. गेली, उणे आकड्यात, बिनबोभाट. मग ते सगळं एका काकांना द्यायला फॅट32 च्या पेनड्राइव्हवर घातलं आणि अडकलं, कारण त्या पद्धतीचं पंचांग 1 जानेवारी 1980 ला सुरू होतं. त्याआधीची तारीख लिहायला तिथे जागाच नाही. एक्सफॅटचंही तेच. पोटातली तारीख मात्र पेनड्राइव्हवरही शाबूत राहिली. काकांना सांगितलं, फाइलच्या यादीतली तारीख बघू नका, फोटो उघडून माहिती बघा. त्यांनी फोटो उघडले आणि माहिती काही बघितली नाही, पंगतीतल्या एकेकाला ओळखत बसले.

आता एक्झिफटूल काय करत नाही ते. ते कॉपी करत नाही. तारखा दुरुस्त केल्यावर त्या एका मशीनवरून दुसऱ्यावर तशाच न्यायला वेगळं वाहन हवं. विंडोजमध्ये साधी कॉपी केली की 'बदलल्याची तारीख' जुनी राहते आणि 'तयार झाल्याची तारीख' आजची होते, म्हणजे बारसं आधी आणि जन्म नंतर. एका गिऱ्हाइकाने मला यावरून फोटो बदललेत का म्हणून विचारलं होतं. लिनक्सवर साध्या कॉपीत बदलल्याची तारीखही आजची होते. मॅकचा फाइंडर दोन्ही जपतो. जन्मतारीख मुद्दाम लिहायची तर एक्झिफटूल विंडोजवर आणि मॅकवर लिहितं, लिनक्सवर ते जमत नाही.

वाहन म्हणून मी मॅकवरून पेटीत न्यायला आरसिंक वापरते आणि दुकानातल्या विंडोजवर रोबोकॉपी. दोन्ही काळ्या खिडकीतलीच. आरसिंक फाइलचा आकार आणि बदलल्याची वेळ जुळली तर ती फाइल सोडून पुढे जातं, म्हणून रोजचं बॅकअप दोन मिनिटांत होतं. जुन्या फॅट32 डिस्कवर मात्र ते रोज हजारो फाइली नव्याने कॉपी करायचं. कारण गमतीचं आहे: फॅटचं घड्याळ दोन-दोन सेकंदांनी पुढे जातं. 6:50:07 अशी वेळ तिथे लिहिताच येत नाही, 06 किंवा 08. मग आरसिंकला वाटतं, फाइल बदलली. 'एका सेकंदाचा फरक चालवून घे' असा पर्याय दिला आणि प्रश्न मिटला. रोबोकॉपीतही यासाठी वेगळा पर्याय आहे, आणि न्यू जर्सीच्या त्या एका तासासाठी दुसरा. फोल्डरांच्या तारखा जपायच्या तर रोबोकॉपीला तेही मुद्दाम सांगावं लागतं. मी पहिल्यांदा सांगितलं नाही, त्यामुळे दुकानात 2011 ते 2019 ची सगळी फोल्डरं एकाच रविवारी जन्मलेली आहेत. आतल्या फाइली बरोबर आहेत, म्हणून तशीच ठेवलीत.

कोणी घेऊ नये? ज्यांचे फोटो फक्त फोनमध्ये आहेत आणि फोनवरूनच बघायचे आहेत, त्यांना गरज नाही. ज्यांना बटणंच हवीत त्यांच्यासाठी याच्यावर बसवलेली आवरणं मिळतात. मी एक वापरून पाहिलं, पण त्याने नेमकं काय केलं ते कळेना, म्हणून परत काळ्या खिडकीत आले. माझ्या सहा आज्ञा एका कागदावर छापून मॉनिटरला चिकटवल्यात, कॅपिटल पी लाल पेनाने. मदतनीसही त्यावरून चालवतो. आणि हो, पेटीचा टाइमझोन आता कोलकाता आहे.

परवा सांगलीचं एक लग्न झालं. पत्रिकेवर मुहूर्त 11 वाजून 42 मिनिटं. रात्री फोटो लावून मदतनिसाने हाक मारली, "मॅडम, अक्षता 12:09 ला पडतायत, 27 मिनिटांचा फरक आहे, सरकवू का?" मी घड्याळाचे दोन्ही फोटो उघडून पाहिले. सेकंदासकट बरोबर. वरात बस स्टँडच्या चौकात डीजेपाशी अडकली होती.